शॉवरमागचा दुसरा कोट

बाबा, आज आपल्या बाथरूमच्या टाइल्स फोडल्या. शॉवरखालची भिंत आतून पार भिजलेली निघाली, बोट लावलं तरी प्लास्टर गळतंय. भिंतीपलीकडे शेजारच्या मासींची बेडरूम, त्यांचं लाकडी कपाट मागून कुजलंय. आणि नवा मिस्त्री मला म्हणतो, "मॅडम, कमर तक वॉटरप्रूफिंग के दो कोट है, ऊपर एक ही. पुराने मिस्त्री ने चोरी की है." चोरी! या बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांची बाथरूम तुमच्या हातची, आणि तुम्ही चोर? मी त्याला असं झापलं की तो हातोडी टाकून खाली चहाला गेला.

मासी तर जिन्यात सगळ्यांना सांगतायत, "इनके पप्पा ने जिस-जिस का बाथरूम किया है, सब खुलवाओ." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता तुमच्या नावाला बट्टा? तुम्ही लोकांना कंटाळा येईपर्यंत सांगायचात, "टाइल पाणी अडवत नाही, ती नुसती दिसते. अडवतो तो मागचा कोट." पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही, आणि दोन्ही शॉवरच्या वरपर्यंत. एका कारागिरानं दुसरा कोट टाळला, तेव्हा लावलेल्या टाइल्स तुम्ही स्वतः उखडल्यात. घरमालक नको नको म्हणत होता, तरी.

मला तुमचाही राग येतोय. लोकांच्या घरी कोट नखानं खरवडून बघायचात, मग आपल्याच घरी का नाही बघितलात? आपलं बाथरूम केलंत तेव्हा नवरात्र होतं. सकाळी पहिला कोट मारून तुम्ही दुसऱ्या कामावर निघालात आणि ब्रश माझ्या हातात दिलात, "चारनंतर दुसरा मार, वरपर्यंत." दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चहा पिताना विचारलंत, "मारलास ना गं?" मी हो म्हटलं. तेवढ्यावर तुम्ही उठलात आणि टाइल्स लावायला बसलात. मुलीवर इतका विश्वास ठेवतात होय?

सोसायटीत गरबा होता, बाबा. मी घागरा घालून तयार होते. वर मारलं तर अंगावर थेंब पडतील, म्हणून कमरेपर्यंत मारला आणि ब्रश धुऊन ठेवला.

मघाशी मासी आल्या होत्या. उघडी भिंत बघून म्हणाल्या, "देखा? तेरे पप्पा का ही काम है ना?" मिस्त्री बाजूलाच उभा होता. मी म्हणाले, "हां, मासी."