पंपघर कोणाचं

साहेब,

काल मुलगी ऐरोलीच्या ऑफिसातून आली आणि चहा घेता घेता म्हणाली, "आई, आज दिवसभर मशिनींचे आईबाप शोधत होते." ती कारखान्यांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर तयार करते. कुठलं यंत्र कोणाच्या पोटात येतं हे आधी नीट ठरवलं नाही तर पुढचं सगळं चुकतं, असं ती मला समजावत होती. मी ऐकत होते. हळूहळू तिचा आवाज लांब गेला आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा आपला कारखाना दिसायला लागला, सकाळच्या वाफेत अर्धा बुडालेला, जणू खाडीतूनच नुकता वर आलेला.

आपल्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. त्याला एसीची खोली मिळाली, आपल्याला तोच जुना पंखा. प्रत्येक यंत्र त्यात चढवायचं होतं. वर कारखाना, त्याखाली प्लांट, प्लांटखाली यंत्रं, यंत्राखाली त्याचे सुटे भाग, असं उलटं झाड. मग एखादा प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा म्हटलं, की त्याखालची सगळी कामं आपोआप छापून येणार. मी नकाशे पुढ्यात घेतले आणि झाड पुरं करून ऐटीत तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही सावकाश वाचलंत आणि चष्मा काढलात.

"हे सगळं खुर्चीत बसून केलंस ना?"

"हो साहेब."

"दिसतंय. ह्यात तू कुठे चाललेली दिसत नाहीस."

मला रडू येईल असं वाटलं होतं. पण तुम्ही एका रद्द नकाशाची मागची बाजू जमिनीवर पसरलीत आणि म्हणालात, "पाय ठेव." स्टोअरमध्ये माझ्या मापाचे सेफ्टी शूज नव्हते, कारण प्लांटमध्ये हिंडणारी बाईच तोवर कंपनीत नव्हती. पेन्सिलीने पावलाची कड काढून तुम्ही ती ठाण्यातल्या तुमच्या चांभाराकडे नेलीत. पुढच्या आठवड्यात बूट आले, जाड, कुरूप आणि पायात अगदी बरोबर.

मग आपण चालतोय. अजूनही डोळे मिटले की आपण चालतच असतो. तुम्ही पुढे, हात पाठीमागे बांधलेले, मी मागे. डोक्यावर पाइपांच्या रांगा, त्यांवर बगळे बसलेले. वारा फिरला की दिवाळे गावच्या कोळीवाड्याकडून सुकत्या मासळीचा वास येतो आणि गंधकाच्या वासात मिसळून जातो. तुम्ही एकेका पाइपामागून जाता, तो कुठून आला, कुठे चाललाय बघत, फार बोलत नाही. त्या दुपारी आपण कुठल्या तरी मोठ्या, झोपलेल्या जनावराच्या अंगावरून फिरतोय असं मला वाटायचं.

एक नंबर प्लांटच्या कडेला थंड पाण्याचं पंपघर होतं, आत दोन पंप. नकाशाप्रमाणे ते एक नंबरचंच, आणि माझ्या झाडातही तसंच. तुम्ही तिथे थांबलात. भिंतीमागून एक पाइप निघून रस्त्याखाली शिरत होता, आणि पलीकडे दोन नंबर प्लांटजवळ तसाच एक वर येऊन रसायनांच्या मोठ्या रिअॅक्टरकडे जात होता. चौकशी केली तर एक जुना ऑपरेटर म्हणाला, "एका उन्हाळ्यात तिकडं पाणी कमी पडत होतं, तवा कायतरी जोडलेलं. नंतर काढलं का नाय, म्हाईत नाय." खणल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि चालू प्लांटमध्ये पाणी तोडून बघता येत नव्हतं.

"तो रिअॅक्टर ह्याच पाण्यावर असेल," तुम्ही म्हणालात, "तर पंपघर एक नंबरचं नाही. दोघांचं आहे. त्याला वेगळी फांदी दे."

ती फांदी देण्याआधीच तुम्ही आजारी पडलात. मग पंपघर एक नंबरखालून काढून ती मी एकटीनेच दिली. एक नंबरच्या शटडाउनची तारीख आली आणि मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. पंप उघडायला ठेकेदार येऊन थांबला होता, आणि माझ्या यादीत पंपघर नव्हतं.

"दोन नंबरला स्वतःचं पाणी आहे," ते म्हणाले.

"त्या एका रिअॅक्टरला नाही, सर. दोन्ही पंप बंद केले तर तो तापेल."

"खात्री आहे?"

मी अजून प्रोबेशनवर होते. "आहे," म्हटलं. "एक पंप उघडा. दुसरा चालू राहू द्या." त्यांनी ठेकेदाराला तसंच करायला सांगितलं.

शटडाउन संपल्यावर मी हॉस्पिटलात आले. खिडकीबाहेर संध्याकाळ होती आणि तुमचा चेहरा उशीवर फार लहान दिसत होता. तुम्ही विचारलंत, "काय झालं?"

"काही झालं नाही, साहेब."

"मग झालं की," तुम्ही म्हणालात आणि हसलात. इतकं समाधानाने हसताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

मुलीला हे सांगावं म्हणून काल तोंड उघडलं, पण ती मोबाइलमध्ये गुंतली होती. मग वही घेतली. आता हे लिहून झालं की पानं फाडून टाकेन, कारण ज्यांना वाचायचं ते नाहीत आणि बाकी कोणी वाचावं असं यात काही नाही. फक्त एक सांगायचं राहून गेलंय. मॅनेजरसाहेबांना "आहे" म्हटलं तेव्हा मला खात्री नव्हती. पहिला पंप बंद करायच्या वेळी मी दोन नंबरला जाऊन त्या पाइपावर हात ठेवून उभी होते. थंडगार होता, आत पाणी बारीक थरथरत होतं. पलीकडे पंप थांबला आणि माझ्या तळव्याखालची ती थरथर एकदम निम्मी झाली. तेव्हा कुठे मला कळलं, साहेब, की तो पाइप तोच आहे.