शेवटच्या ओळीतला नमस्कार

४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

यादवी युद्धं का पेटतात आणि शस्त्रसंधी का मोडतात याचा तू अभ्यास करतेस, हे शेजारणीला सांगताना माझी जीभ अडखळते. दादाशी भांडून दिवसदिवस अबोला धरणारी तूच ना!

इथे आता गोळीबार नाही. परदेशी निरीक्षकांच्या गाड्या बाजारातून फिरतात आणि भाजी महाग करतात. दादासारखी बंडखोरांनी नेलेली मुलं एकेक करून परतताहेत, त्यामुळे दार वाजलं की तुझे बाबा आधी उठतात. नव्या शिक्षिकाबाई दादाची खोली राहायला मागताहेत. बाबा म्हणतात, तो आला तर झोपणार कुठे? मला काही सुचत नाही, तूच सांग. तुझ्या प्रत्येक पत्रातला दादाला नमस्कार मी त्याच्या खोलीत जाऊन मोठ्याने वाचते. हसू नकोस.

प्रकृतीला जप.
तुझी आई

२१ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. शस्त्रं खाली ठेवलेल्यांच्या छावणीत मुलाखती घेत होते. कोण बोललं आणि कोणाबद्दल बोललं, हे त्या खोलीबाहेर न्यायचं नाही असा आमचा नियम आहे. तसा शब्द दिल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. एकजण आपल्याच भागातला निघाला. रेकॉर्डर बंद करून त्याला पाणी दिलं, मग मीही प्यायले. अहवाल लिहायला बसते आणि उठते. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, घरी जाऊन ये. मला इतक्यात धीर होत नाही.

खोली शिक्षिकाबाईंना दे, आई. बंद राहिली तर ओल धरेल. गुडघ्याला तेल लावत जा.

बाबांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. नेहमीसारखी दादाच्या खोलीत जाऊन शेवट वाचायला लागले. बाबांना नमस्कार होता, दादाला नव्हता. कागद उलटून पाहिला, पाकीट झटकून पाहिलं. मग त्याच्या पलंगावर बसून पोटभर रडले.

तू विसरणाऱ्यातली नाहीस. मी काही विचारणार नाही. दिलेला शब्द तू पाळलास. पण एवढं सारं पोटात घेऊन तिथे एकटी राहू नकोस, लवकर ये. बाबांना आपण दोघी मिळून सांगू. एकटीने ते मला जमायचं नाही.

तोवर त्यांना पत्र आलंच नाही असं सांगितलंय, आणि शिक्षिकाबाईंना थांबा म्हटलंय. तू एवढं कर. उलट टपाली दोन ओळी पाठव आणि खाली दादाला नमस्कार लिही. चष्मा लावला की तुझे बाबा आधी शेवटची ओळच वाचतात.

तुझी आई