गोकुळ-लॉकचं पेटंट

२१ नोव्हेंबर २०२२, सकाळी, पोदेर पाव देऊन गेल्यावर

आजपासून रोजनिशी. मोठे शोध लावणारे ठेवतात असं ऐकून आहे. मी आजपासून त्यांच्यात.

कारण असं की काल कोरगावच्या जत्रेत दशावताराची लायटिंग आमची होती. आमची म्हणजे माझी आणि गुरुदासची. टेंपो त्याचा, डोकं माझं. राक्षस गर्जना करत आला, पाय वायरीत अडकला, प्लग निसटला आणि अख्खा मांडव काळोखात. राक्षस बिचारा तसाच गर्जत राहिला. लोक हसले. कमिटीचे अध्यक्ष माझ्याकडे रागाने बघत होते. काळोखातसुद्धा कळलं.

दोष माझा नाही. दोष प्लगचा. जगभर प्लग नुसता खुपसून ठेवतात आणि देवावर सोडतात. एवढ्या इंजिनियरांना इतक्या वर्षांत काही सुचू नये?

मला अंथरुणात सुचलं.

२९ नोव्हेंबर

मॉडेल तयार. प्लगभोवती फिरणारी स्लीव्ह. ती फिरवली की आतले दात कट-कट-कट करत पुढे सरकतात आणि सॉकेट घट्ट धरतात. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. पुढे जातं, मागे येत नाही.

एका बाजूने मी ओढलं, दुसऱ्या बाजूने गुरुदासने. वायर तुटली. प्लग निघाला नाही. टेस्ट पास.

क्षमाने चहा आणून ठेवला, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आनी हें काडपाचें कशें?" म्हणे, काढायचं कसं! वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या प्रत्येक कामात हा असला प्रश्न शोधून काढलाय.

नाव: गोकुळ-लॉक. गोकुळदासचा लॉक म्हणून.

४ डिसेंबर

केरीच्या जत्रेत लावला. लाइट एकदाही गेली नाही. व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला. दात कसे कापले, स्लीव्ह कशी बसवली, सगळं जवळून, सविस्तर, स्वच्छ मराठीत. भरपूर लोकांनी पाहिला. एकाने खाली विचारलं, उघडायचा कसा? त्याला ब्लॉक केलं.

सामान आवरताना लॉक करवतीने कापावा लागला. किरकोळ.

१६ जानेवारी २०२३

पणजीला जाऊन आलो. पेटंट एजंट तेजस्विनी मॅडम. तरुण आहे पण हुशार. माझं म्हणणं लिहून घेताना मध्ये मध्ये थांबत होती, बहुतेक भारावून.

तिने विचारलं, अर्ज करण्याआधी हे कुठे दाखवलंय का? कुठे छापलंय, इंटरनेटवर टाकलंय? तसं असेल तर नावीन्य जातं म्हणे. मी ठामपणे नाही म्हटलं. केरीची माणसं म्हणजे घरचीच. आणि यूट्यूब म्हणजे काही छापणं नव्हे.

अर्ज गेला. निश्चय: पेटंट मिळेपर्यंत या विषयावर कोणाशी बोलायचं नाही.

१७ जानेवारी

पेडण्याच्या बाजारात बऱ्याच जणांना सांगितलं. अर्ज झाल्यावर चालतं.

२ मार्च

घरातल्या सगळ्या वस्तूंना गोकुळ-लॉक बसवला. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, इस्त्री. शोध लावणाऱ्याच्या घरात साधा प्लग शोभत नाही.

क्षमा म्हणाली, इस्त्री हॉलमध्ये लागते, ती आता कायमची बेडरूममध्येच राहणार का? मी म्हटलं, कपडे बेडरूममध्ये न्यावेत. प्रगती झाली की माणसाने थोडं हलायला हवं.

१७ सप्टेंबर २०२३

चतुर्थी तोंडावर. क्षमाला माहेरी आमोण्याला मिक्सर न्यायचा होता. तिकडचा बिघडलाय आणि एवढ्या माणसांच्या खोबऱ्याचं वाटण. मी म्हटलं, थोडं थांब, दातांचा अभ्यास करतो.

दुपारी दुकानातून आलो तर मिक्सर नाही. क्षमाही नाही. भिंतीला चौकोनी भोक. तिने स्क्रू काढून अख्खा बोर्डच सोडवला आणि मिक्सरला लटकवून घेऊन गेली. मेन स्विच बंद करून ठेवलाय, वायरींच्या टोकांना टेप.

विचार केला तर हा गोकुळ-लॉकचा विजयच आहे. भिंत सुटली, लॉक सुटला नाही.

८ ऑगस्ट २०२४

पेटंट ऑफिसचा रिपोर्ट आला. मॅडमने फोनवर वाचून दाखवला. त्यांना तीन पुरावे सापडलेत, जे माझ्या आधीचे आहेत असं ते म्हणतात. एक अमेरिकेतला, फिरणाऱ्या स्लीव्हचा. एक जर्मनीतला, दातांचा. तिसरा माझाच केरीचा व्हिडिओ.

अमेरिका, जर्मनी आणि केरी! एकाच ओळीत! आनंदाने गुरुदासला फोन केला.

 मॅडम मात्र त्याआधी फोनवर एवढंच म्हणाली, काका, मी तुम्हाला विचारलं होतं. मी म्हटलं, तेव्हा तो व्हिडिओ होता, पुरावा त्यांनी आता केला.

पुढचा मुद्दा गंभीर. रिपोर्टात लिहिलंय की अमेरिकेची स्लीव्ह आणि जर्मनीचे दात एकत्र करणं हे "या क्षेत्रातल्या कुशल व्यक्तीला" सहज सुचलं असतं.

कोण ही कुशल व्यक्ती?

९ ऑगस्ट

योगेश असणार. मांद्र्याचा लायटिंगवाला, आयटीआय केलेला. गेल्या वर्षापासून माझ्या जत्रा पळवतोय. मुंबईच्या ऑफिसात ओळख काढून साक्ष दिली असेल.

१२ ऑगस्ट

मॅडमला विचारलं, कुशल व्यक्तीचं नाव मिळेल का, समोरासमोर बसवा. ती म्हणाली, काका, तो खरा माणूस नसतो. कायद्याने मानलेला असतो. त्याला आधीचं सगळं माहीत असतं, पण स्वतःची कल्पनाशक्ती नसते.

म्हणजे योगेशच.

पण समजा नसला, तरी बघा! जो माणूस अस्तित्वातच नाही त्याच्या सांगण्यावरून माझा शोध अडवतात. कल्पनाशक्ती नसलेल्याला जर हे सहज सुचतं, तर इतकी वर्षं तो कुठे झोपला होता? हे वाक्य उत्तरात घालायला सांगितलं. मॅडमने दुसऱ्या शब्दांत घालते म्हटलं.

तिसरा आक्षेप असा की स्लीव्ह परत कशी सुटते ते अर्जात कुठेच नाही. मॅडमने विचारलं, खरंच कशी सुटते? आता सांगितलं तरी अर्जात नवीन काही घालता येणार नाही, पण मला कळू दे. मी म्हटलं, ते व्यापारी गुपित आहे.

१९ जानेवारी २०२५

आमोण्याचं नाटक. लिहिणार नव्हतो.

एक्स्टेंशनमधून धूर यायला लागला. कमिटीने मला न विचारता आइस्क्रीमवाल्याचा फ्रीजर माझ्याच लायनीवर टाकला होता, हे नोंदवून ठेवतो. मी स्टेजच्या पुढे होतो. गुरुदास मागे. तो स्लीव्ह उलटी फिरवत होता आणि ओरडत होता, "गोकुळदासा, हें सुटना रे!"

मी मेन स्विचकडे धावलो. तो देवळामागच्या खोलीत, खोलीला कुलूप, चावी पुजाऱ्याकडे, पुजारी आरतीत. तोपर्यंत पडद्याचा कोपरा पेटला. नारदाने पाण्याची कळशी ओतायला उचलली, लोकांनी त्याला धरलं. गुरुदासने शेवटी गोणपाट गुंडाळून वायर मुळापासून उपटली. प्लास्टिक वितळून त्याच्या तळहाताला चिकटलं.

डिचोलीच्या हॉस्पिटलात नेला. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली, पण कातडी यायला वेळ लागेल.

लॉक मात्र शेवटपर्यंत सुटला नाही.

हे वाक्य लिहिलं खरं. खोडत नाही.

२६ जानेवारी

गुरुदास फोन उचलत नाही. त्याच्या बायकोने, देवकीने, उचलला. म्हणाली, ते आता तुमच्याबरोबर येणार नाहीत. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चार शब्द बोलता आले असते.

भेटायला जाणार होतो. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? पेटंट आलं की सर्टिफिकेट घेऊनच जाईन. त्यालाही बरं वाटेल.

११ मार्च

सुनावणी. व्हिडिओवर. कोट घातला. क्षमाने मागे देवांचा फोटो दिसणार नाही आणि भिंतीचं भोकही दिसणार नाही, अशी खुर्ची लावून दिली.

पेटंट ऑफिसचे साहेब सभ्य होते. मॅडमने छान मांडलं: स्लीव्हचा कोन वेगळा, दातांची दिशा वेगळी. व्हिडिओबद्दल ती फारसं बोलली नाही. मग साहेबांनी मला प्रात्यक्षिक करायला सांगितलं. मी लावून दाखवला. कट-कट-कट. आवाज मुंबईपर्यंत स्वच्छ गेला.

साहेब म्हणाले, आता काढून दाखवा.

मी म्हटलं, सर, हा न निघण्यासाठीच आहे.

साहेबांनी विचारलं, आग लागली तर?

माझ्याकडे उत्तर होतं. फ्रीजरचं. तोंड उघडलं आणि गुरुदासचा हात डोळ्यांसमोर आला. गोणपाटातला. स्लीव्ह आणखी एक दात पुढे फिरवली. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मॅडमने आभार मानले.

एकंदरीत छाप चांगली पडली.

१६ मे

नामंजूर.

ऑर्डर मोठी आहे. नावीन्य नाही, कारण केरी. कल्पकता नाही, कारण कुशल व्यक्ती. आणि सोडवण्याची रीत सांगितलेली नाही.

मी हायकोर्टात जाणार. मॅडम म्हणाली, काका, जाता येईल, पण मी तुम्हाला जा म्हणणार नाही. मी विचारलं, म्हणजे आता कोणीही उठून गोकुळ-लॉक बनवू शकतो? ती म्हणाली, हो, तुमच्या या अर्जाच्या जोरावर कोणाला अडवता येणार नाही.

मग तर खेळच संपला. आता बघा कशी झुंबड उडते. चीनवाले पहिले. त्यांच्या आधी योगेश.

निश्चय: गोव्यातला प्रत्येक नक्कल केलेला लॉक पकडायचा. फोटो काढायचे. पेपरात द्यायचे. माझ्याकडून हक्क काढून घेतील, लाज काढून घेऊ शकणार नाहीत.

(लाज शब्द इथे बरोबर बसत नाही. अभिमान.)

७ जुलै

म्हापशाची इलेक्ट्रिकची दुकानं पाहिली. नक्कल नाही. पावसाळा आहे, माल अडकला असेल.

१४ ऑक्टोबर

पुन्हा म्हापसा. मग डिचोली. एका दुकानदाराला लॉक दाखवून विचारलं, असा माल येतो का. त्याने फिरवला, कट-कट केलं, हसला आणि त्याच्या नमुन्याच्या सॉकेटमध्ये अडकवून ठेवला. मग हसायचा थांबला. सॉकेटचे पैसे भरून आलो.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी

जत्रा सुरू झाल्या. आज केरीची लायटिंग योगेशकडे. दुपारीच गेलो, मोबाइल चार्ज करून. आज पकडतोच म्हटलं.

स्टेजच्या मागे शिरलो आणि एकेक प्लग तपासला. जनरेटरपासून शेवटच्या हॅलोजनपर्यंत. सगळे साधे. बाजारातले, काळे, खुपसायचे. फोटो काढण्यासारखं काही नाही.

योगेश आला. चोरासारखा पकडला गेलो तो मीच. पण ओरडला नाही, खुर्ची दिली. मग मी सरळच विचारलं, माझा लॉक का नाही वापरत? आता कोणीही वापरू शकतो. तो म्हणाला, नको, आमचं चाललंय बरं. मी म्हटलं, मी स्वतः बसवून देतो, फुकट. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात पुन्हा म्हणाला, नको हो.

म्हणजे कोणीच चोरला नाही. इतक्या महिन्यांत, अख्ख्या गोव्यात, एकानेही नाही.

शिडीवर गुरुदास होता. मला आधी दिसला नाही. डाव्या हाताने हॅलोजन बांधत होता, उजव्या तळव्यावर गुलाबी, चकचकीत कातडी. तो आता योगेशकडे कामाला आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानेच खाली बघितलं. म्हणाला, "आयलांस जाल्यार निसण धर. हालता."

शिडी धरली.