कापूर लागलेली पेटी

॥ श्री दुर्गा सहाय ॥

शिमुलडांगा, २ ज्येष्ठ, बंगाली सन १३४३

ती. स्व. दीदींच्या पायांशी उमाशशीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कृष्णनगरला भावाकडे गेलात त्याला वर्ष होईल. तुमच्यामागे या घरात जाऊ म्हणून हाक मारायला कुणी उरलं नाही. बुलू रोज विचारते, जेठीमा कधी येणार. सात वर्षांच्या पोरीला काय सांगू, की तुझ्याच बापाने तिला घालवलं?

एक बातमी आहे, रागावू नका. तुमची औषधांची लाकडी पेटी आता इकडच्या स्वारीकडे आहे आणि इकडून रीतसर डॉक्टरकी सुरू झाली आहे. ओसरीवर पाटी लागली, 'होमिओपॅथ हरिसाधन राय'. तुम्ही रोग्याला बसवून शंभर प्रश्न विचारायचात, तहान किती, पाणी गार आवडतं की कोमट, रडताना जवळ कुणी हवं की नको. इकडे काही विचारणं नाही. तोंड बघायचं, बाटली उचलायची.

पेटीची काळजी मात्र देवासारखी घेतात. साखरेच्या गोळ्या म्हणून मुंग्या फार येत होत्या, तेव्हा प्रत्येक खणात कापराच्या वड्या ठेवल्या आहेत. झाकण उघडलं की घरभर आरती झाल्यासारखं वाटतं.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.
तुमची उमा

*

कृष्णनगर, ९ ज्येष्ठ

चि. सौ. उमाशशीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. विधवेने असं हसू नये म्हणतात. म्हणोत.

अगं, माझ्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, या औषधाजवळ कापूर ठेवू नये, त्याच्या वासानेच औषध मरतं. मी पेटीपासून दहा हात लांबसुद्धा कापूर जाळला नाही. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं, म्हणून तसल्याच सर्दीला कांद्याचीच गोळी द्यायची, सारख्याला सारखं, ही सगळी विद्या मी त्या पुस्तकातून तुझ्या जेठांच्या, म्हणजे आमच्या यजमानांच्या, शेजारी बसून शिकले. ठाकुरपोने, माझ्या त्या धाकट्या दिराने, पुस्तक उघडलंच नसणार. तो आता गावाला नुसती साखर वाटतोय, तीही कापराच्या वासाची.

वाटू दे. तुला ठाऊक आहे त्याने काय केलं. तुझ्या जेठांचा ताप माझ्या गोळ्यांना दाद देईना, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला काशीगंजच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. संध्याकाळी हात हलवत आला, म्हणाला डॉक्टर घरी नव्हते. पुढे डॉक्टरांनीच माझ्या भावाला सांगितलं, ते दिवसभर घरीच होते, कुणी आलंच नाही. हा हालदारपाड्याच्या मांडवात नाटकाच्या तालमीला बसला होता. आणि श्राद्धाच्या पंगतीत चार माणसांपुढे म्हणाला की बोउठानच्या, म्हणजे या वहिनीच्या, गोळ्यांनी दादाला खाल्लं. गावाने ते खरं मानलं.

आता त्याची फजिती होऊ दे. एकही रोगी बरा होणार नाही, आणि पाटी त्याच्याच हाताने उतरेल. तू मधे तोंड उघडायचं नाहीस. तुला माझ्या डोक्याची शपथ आहे, त्याला कापराचं सांगितलंस तर माझं मेलं तोंड पाहशील.

बुलूला माझा मुका दे. तुझ्या पत्राची वाट बघणारी,
दीदी

*

शिमुलडांगा, २० आषाढ

ती. स्व. दीदींस शि. सा. न.

शपथ पाळते आहे. पण दीदी, लिहायला नको वाटतं, लोक बरे होताहेत. पालांच्या आत्याची डोकेदुखी उतरली. पोस्टमास्तरांचा पोटशूळ गेला. काल तीन कोसांवरून बैलगाडी आली. परवा एकीने म्हटलं, बोउठानची गोळी नुसती गोड होती, या गोळीला देवाचा वास येतो. इकडे छाती दोन बोटं पुढे आली आहे. आता घरात क्विनाइनचं नावही काढू देत नाहीत, म्हणतात ते विष आहे.

मला हसूही येतं आणि तुमच्यासाठी वाईटही वाटतं. लोभ आहेच, तो असाच राहो.
उमा

*

शिमुलडांगा, १७ भाद्र

दीदी,

मायना लिहायला हात चालत नाही. बुलूला दिवसाआड थंडी वाजून ताप येतोय. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजतात, मग अंग तव्यासारखं होतं. आज अकरावा दिवस. काल तिचे डोळे फिरले आणि हातपाय ताठ झाले. इकडून तीच पेटी उघडून गोळ्या देणं चाललंय. डॉक्टर आणा म्हटलं तर म्हणतात, सगळ्या गावाला बरं करणाऱ्याने स्वतःच्या मुलीसाठी दुसऱ्याचं दार ठोठावलं तर लोक काय म्हणतील.

त्या गोळ्या मेलेल्या आहेत हे मला ठाऊक आहे आणि मी त्या तिच्या जिभेवर ठेवते. सांगितलं तर तुमचं मेलं तोंड, न सांगितलं तर हिचं. तुम्हीच घातलीत ही शपथ, तुम्हीच सोडवा. मी तुमच्या पाया पडते.
उमा

*

कृष्णनगर, १९ भाद्र

हरिसाधनास,

हे पत्र घेऊन माझे थोरले भाऊ पहिल्या गाडीने येत आहेत. उमाला सांग, शपथ सुटली. ती घालणाऱ्या बाईचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं.

तू पेटीत कापूर ठेवलास तेव्हाच ती औषधं मेली. मला हे ज्येष्ठापासून ठाऊक आहे, आणि तुझी नाचक्की व्हावी म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यात बुलूचे तेरा दिवस गेले. तो डाग माझा, तो मी तुझ्यावर ढकलत नाही. पण हेही ऐक, औषधं जिवंत असती तरी मी आज हेच लिहिलं असतं. तुझा दादा अशाच तापाने गेला, तेव्हा माझ्या गोळ्या जिवंत होत्या. म्हणून तर मी तुला डॉक्टरांकडे धाडलं होतं.

आता ऊठ. काशीगंजचा रस्ता तुला ठाऊक आहे. वाटेत हालदारपाड्याचा मांडव लागतो. तिथून पुढे जायचं असतं. दादासाठी जो रस्ता चालला नाहीस तोच मुलीसाठी चाल. यालाच आमच्या विद्येत सारख्याला सारखं म्हणतात.

आणि ती उठून बसली की गावदेवीच्या चंडीमंडपात सगळ्यांपुढे उभा राहा आणि त्या दिवशी कुठे बसला होतास ते सांग. ही अट नाही. पोरीच्या जिवावर अट घालायला मी हरिसाधन नाही. पण सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन.
क्षणप्रभा

*

शिमुलडांगा, ६ आश्विन

पूजनीय बोउठानच्या चरणी हरिसाधनाचा सा. न.

भर दुपारी निघालो. मांडव मागे टाकला, तुमचं पत्र खिशात होतं. डॉक्टर घरीच होते. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं की या खेपेला खरंच आलात का. क्विनाइन सुरू झालं. पाचव्या दिवशी ताप चढलाच नाही. बुलूने काल मऊ भात आणि मागूर माशाचं कालवण मागून खाल्लं. तुमची आठवण काढते.

काल चंडीमंडपात सगळं सांगितलं. दादांच्या नावाने, पंचांपुढे. दादांच्या आणि माझ्या सख्ख्या मामांनी तोंड फिरवलं. पाटी उतरवली आहे. तरी सकाळी पालांची आत्या दारात उभी होती, म्हणाली खोटी असली तरी तीच गोळी दे.

पेटी तुमची, तुमच्या भावांबरोबर पाठवली आहे. तुम्ही या घरात परत या, ही उमाची आणि माझी विनंती. मला क्षमा करा. त्यावाचून अन्न गोड लागत नाही.
आपला, हरिसाधन

*

कृष्णनगर, १४ आश्विन

हरिसाधनास,

पेटी पोचली. बुलू बरी आहे हे वाचून पोटभर रडले. दुर्गापूजेला मी येईन, ती उमासाठी आणि बुलूसाठी. माझी खोली झाडून ठेवायला सांग. तू वाढलेलं ताट मी घेणार नाही.

बाटल्या एकेक उघडून पाहिल्या. सगळ्या गेल्या. अंगणात ओतल्या तर मुंग्यासुद्धा वळसा घालून गेल्या.

तू क्षमा मागितली आहेस. सोबत कागदाच्या पुडीत तिसऱ्या खणातली एक गोळी ठेवली आहे. तीच माझी क्षमा समज. रात्री जेवणाआधी जिभेवर ठेव, चावू नकोस. तिच्यात काही नाही, हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. पण तुझ्या रोग्यांना तिनेच बरं वाटत होतं, तेव्हा कदाचित तुलाही वाटेल.

क्षणप्रभा