शिवी दे की एकदा

आबा, मला शिव्या निवडायचा पगार मिळतो. तुम्ही असतात तर पोट धरधरून हसला असतात. लहान मुलांचा मोबाईलवरचा एक खेळ आहे. त्यात शेत करायचं, घर बांधायचं आणि खेळता खेळता एकमेकांशी लिहून बोलायचं. कुणी वंगाळ लिहिलं की यंत्र ते अडवतं आणि इथं परभणीत घरी बसलेल्या माझ्यापुढं टाकतं. जाऊ द्यायचं की नाही ते मी ठरवायचं. मुलांना एकदा ताकीद, पुन्हा केलं तर खातं बंद. तुमचं खातं तर पहिल्याच दिवशी, शेळ्यांचं दूध काढून व्हायच्या आत बंद झालं असतं.

वीस मिनिटं झाली, एक वाक्य समोर पडून आहे आणि मला धड बसवत नाही. चहा केला तो तसाच निवून गेला. म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं, कारण ते वाक्य तुमचंच आहे. मढं बशिवलं तुजं.

येलदरी धरणाच्या पाण्याच्या कडेनं शेळ्या नेताना दिवसभर तुमच्या तोंडी हेच. शेळी काट्यात घुसली की हेच, आणि ठणठणीत करडू जन्माला आलं की त्याचं अंग पुसत पुसत तेच, म्हणजे दृष्ट लागायला नको. मी शाळेतून आले की, "मढं बशिवलं तुजं, कुटं उलथली व्हतीस? भाकर खाल्ली का?" आई कपाळाला हात लावायची. मला मात्र त्यात भाकरच ऐकू यायची. खरा राग आला की तुम्ही शिवी द्यायचं बंद करायचात. मी बोरं खात बसले आणि शेळ्या दुसऱ्याच्या ज्वारीत शिरल्या, त्या दिवशी तुम्ही आलात, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बसा बाई. तुमी बसा. मी जातो शेळ्यांमागं." ते 'तुमी' ऐकून मी जी रडायला लागले, ती झोप लागेपर्यंत थांबले नाही.

तर या खेळात दोन पोरी आहेत. बोलण्यावरून आपल्याकडच्याच, चुडाव्याच्या नाहीतर पोखर्णीच्या बाजूच्या असतील. त्यातली एक पोरगी मैत्रीण आली की रोज तिला तुमची शिवी द्यायची आणि मग दोघींचा खेळ सुरू व्हायचा. यंत्राला ही शिवी तेव्हा ठाऊक नव्हती. मागच्या आठवड्यात त्यांच्याच गटातल्या एका लेकरानं तक्रार केली. त्याचा आजा नुकताच गेला होता. मढं हा शब्द वाचून ते रडत बसलं होतं. त्याला काय सांगणार, की आमच्याकडं हे लाडानं म्हणतात? मी पोरीला ताकीद दिली. आजही देईन.

पोरगी शहाणी. दुसऱ्या दिवसापासून पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली. "नमस्कार. तू कशी आहेस? आपण खेळूया का?" मैत्रीण पार गडबडली. आज तर तिनं विचारलंच, "अशी काय बोलायलीस मास्तरणीवानी? राग आलाय का?"

"नाही. राग नाही."

"मंग शिवी दे की एकदा."

पोरगी आपली शेत नांगरत राहिली. ताकीद मिळाल्याचं सांगायची लाज वाटत असेल. मग मैत्रिणीनं दोघींनी मिळून बांधलेलं घर मोडायला घेतलं, एकेक भिंत करत. मला मुलांशी बोलायची मुभा नाही, आणि नसावीच. पलीकडं कोण बसलंय हे लेकरांना कसं कळणार? शेवटी पोरीनं लिहिलं, "मढं बशिवलं तुजं, घर मोडू नको." आणि यंत्रानं ते अडवलं. मैत्रिणीला दिसलंच नाही. तिकडं भिंती पडायल्यात आणि वाक्य माझ्यापुढं.

कंपनीतल्या, पुण्याच्या मॅडमना फोन केला. "नियम सगळ्यांना सारखा, ताई," त्या म्हणाल्या. "उद्या त्या लेकरानं पुन्हा वाचलं तर?" त्यांचं काही चुकलं नाही, याचाच जास्त वैताग आला.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "पाणी द्या बाई. तरास होतोय तुमाला." तेच ज्वारीच्या दिवसाचं 'तुमी'. तुम्ही आजारी पडल्यावर आम्ही शेळ्या विकल्या होत्या. त्याचा राग होता, की नुसते थकला होतात? इतकी वर्षं झाली, हे डोक्यातून जात नाही.

तक्रार केलेलं लेकरू आत्ता खेळात नाही, एवढं मी पाहून घेतलं आणि 'जाऊ द्या' दाबलं. कारण म्हणून लिहिलं, बोलायची पद्धत. मॅडम विचारतील तेव्हा बघू. पलीकडून लगेच उत्तर आलं, "तुजंच बशिवलं! थांबले बघ." यंत्रानं तेही अडवून माझ्यापुढं आणून टाकलंय. मला हसू फुटलं आणि मग ते आवरेना.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून सांगते. त्या एवढ्याशा पोरीला सरळ विचारता आलं, राग आलाय का. मी तुम्हाला पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, त्रास कसला त्यात. मनात मात्र होतं, आबा, शिवी द्या की एकदा.