मारा, पण सांगून मारा

हिंगणघाट,
ता. २ नोव्हेंबर २००६

चि. गजेंद्र यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू फोन करून राह्यला आणि मी उचलत नाई, म्हणून रुसू नको. फोनवर माणसाचं तोंड दिसत नाई, दोघंही संगंच बोलतात, मंग मले काहीच समजत नाई. कागदावर कोणी मधात बोलत नाई. चौथी शिकली, तेवढं लिहायले पुरते.

पोरगी झाली, लय आनंद झाला. लग्नाच्या नवव्या वर्षी तुमच्या घरी पाळणा आला. पण तुझ्या सासरचा बापूराव इकडं कापूस घेऊन आलता, तो चहा पिता पिता बोलून गेला का बारसं अल्लीपूरले आहे आणि नाव आपली चुलत बहीण सपना ठेवणार. काऊन? सख्खी आत्या मेली काय?

कारण मले समजलं. दसऱ्याआधी नागपूरच्या डॉक्टरणीचा कागद मी तुले दाखवला, त्यावर ऑटिझम लिहून आहे. तू ते सासरी सांगून आला. सांग बापा, मी काही लपवत नाई. पण सांगायचं तं नीट सांग. हे वेड नाई, कोणाले लागत नाई, औषधानं जात नाई. जन्मापासून माझी घडणच अशी आहे, ती सत्तेचाळिसाव्या वर्षी कागदावर आली एवढंच. मराठीत त्याले स्वमग्नता म्हणतात म्हणे. मी त्या बाईले म्हटलं, मग्न कायची, मले तं साऱ्या दुनियेचा आवाज येते, ट्यूबलाइटचा सुद्धा. ती हसली आणि तेही लिहून घेतलं. तुझे भाऊजी मात्र म्हणाले का हे मले बावीस वर्षांपासून ठाऊक आहे, डॉक्टरले आत्ता समजलं. आणि पेपर वाचायले बसले.

नाव कोण ठेवणार, ते लिहून कळवजो. लोभ असू दे आणि फोन नसू दे.

तुझी ताई,
ताना


सिंदी (रेल्वे),
ता. ७ नोव्हेंबर २००६

ती. ताईस गजेंद्रचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक समोर उभं आणि मला घाम फुटला. ते म्हणालं, गजूभाऊ, इन्कम टॅक्सचं आहे काय? मी म्हटलं, त्याहून मोठं, बहिणीचं आहे.

ताई, सासूबाई मनाच्या वाईट नाहीत. त्यांना धाक बसला आहे. आपल्या धर्मेंद्रदादाच्या पोराचं बारसं आठवते ना? आत्या कानात नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपली रीतच आहे. तू कोपर असं फिरवलं, की कमलाकाकूचा चष्मा उडून पाळण्यात पडला आणि फुटला. अकरा वर्षं झाली, पण ती गोष्ट माझ्या सासरपर्यंत पोचली आणि अल्लीपुरात अजून सांगतात. सासूबाई म्हणतात, तेव्हा चष्म्यावर भागलं, आता कागदच आला आहे, माझ्या नातीला काही झालं तर?

म्हणून मी मधला रस्ता काढला. नाव सपना सांगेल. तुझ्यासाठी पाळण्यापासून दूर, पंख्याखाली खुर्ची ठेवतो. झबलं-टोपडं तुझ्याच हातचं घालू. तुझा मान कुठंच जात नाही.

दिपाली आणि बाळ खुशाल आहेत. राग आला असेल तर शिव्या दे, पण माया कमी करू नको.

तुझा धाकटा,
गजेंद्र


हिंगणघाट,
ता. ११ नोव्हेंबर २००६

चि. गजेंद्र यास आशीर्वाद. शिव्या खाली आहेत.

खुर्ची तुझ्या सासूले दे. तिचे गुडघे दुखतात, माझे नाई.

कमलाचा चष्मा माझ्यानं फुटला, खरं आहे. पोराच्या डोळ्याजवळ काच पडली, तेही खरं आहे. पण मी आधीच सांगतलं होतं का माझ्या पाठीले हात लावू नका. साऱ्या हसल्या. मागून पंधरा हात येतात, कोणता कधी पडंल ते ठाऊक नाई. आंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं आणि कोपर फिरलं. मी फिरवलं नाई, फिरलं. अकरा वर्षं मले वाटे का मी दुष्ट बाई आहे. आता ठाऊक झालं का नाई. आता कोणी मले दुष्ट म्हणून दाखवा.

कापसाच्या जिनिंगमध्ये, कामावर, मी रूपराव मुकादमाले तोंडावर सांगून टाकलं. मागून हाक मारायची नाई, समोर यायचं. मशीनपाशी मले बसवायचं नाई. कानात मी कापसाचे बोळे घालणार. तो म्हणे, बाई, तुमचे नखरे वाढले. मी म्हटलं, नखरे जुनेच आहेत, कागद नवा आहे. बाकीच्या बाया कापसातून सुतळी आणि प्लास्टिकच्या पन्नीचे तुकडे वेचतात, माझ्या हातून माणसाचा एक केस सुटत नाई, हे त्याले ठाऊक आहे. आठ दिवस कुरकुरला. आता समोर येऊन बोलते. मुकादमाले जे समजलं ते माझ्या पाठच्या भावाले समजू नाई?

पाहुणी म्हणून मी येणार नाई. आत्या म्हणून येईन, नाई तं घरी बसीन आणि पोरगी मोठी झाली का तिले सांगीन का तुझ्या बापानं तुझ्या आत्याले खुर्चीवर बसवलं होतं. मी हात जोडून मागून नाई राह्यली. माझं आहे ते मागून राह्यली.

माया आहे, म्हणून एवढं लिहिलं. नाई तं पोस्टकार्डावर भागलं असतं.

ताना


सिंदी (रेल्वे),
ता. १६ नोव्हेंबर २००६

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तू जिंकली. तुझं पत्र मी अल्लीपूरला दिपालीला वाचून दाखवलं. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या, भांड्यांचा आवाज बंद झाला होता. दिपाली कधी आईसमोर बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, ताई नाव ठेवणार नसतील तर मी पोरीला पाळण्यात घालणार नाही. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मग म्हणाल्या, ठेवू दे, पण धपाट्याबिगर नाव लागत नाही, त्याचं काय करता?

त्याचीही सोय केली! सगळ्या बायकांना बजावलं आहे की कोणी मारायचं नाही. एकेकीनं बोटाच्या टोकानं अगदी हळू, मोरपीस फिरवल्यासारखा हात लावायचा. दोघी-तिघींनी तर दिपालीच्या पाठीवर सराव करून पाहिला.

नाव रेवा ठरलं आहे. रविवारी, २६ तारखेला, सकाळी दहाला. आता तरी भावाला शाबासकी दे.

गजेंद्र


हिंगणघाट,
ता. १९ नोव्हेंबर २००६

चि. गजेंद्र,

शाबासकी नाई, कानफटात देईन. अरे बावळ्या, हळू हात लावला तं मी पाळण्यासकट उठून पळीन! हळू म्हणजे आंगावर मुंग्या. पंधरा बायांच्या पंधरा मुंग्या. कोणी मले विचारलं काय? साऱ्यांनी माझ्या पाठीचं ठरवलं आणि पाठीवालीले विचारलंच नाई.

आता ध्यान देऊन वाच आणि सासूले वाचून दाखव. धपाटे घाला. जोरात घाला, गादी झोडपल्यासारखे. पण एका वेळी एकीनं. आधी माझ्या समोर यायचं, आपलं नाव सांगायचं, मारते म्हणून सांगायचं, मंग मागं जायचं. येऊन राह्यलं हे ठाऊक असलं का मी जात्यासारखी बसते, हलत नाई. सगळ्यांनी संगंच कुर्रर्र करून वरडायचं नाई.

आणि मी जेवायले थांबणार नाई. पंगतीचा गलका मले झेपत नाई. त्याचा अर्थ राग नाई. दिपालीले माझी माया सांगजो.

ताना


हिंगणघाट,
ता. २८ नोव्हेंबर २००६

चि. गजेंद्र यास आशीर्वाद.

तू बाहेर मांडवात माणसांत होता. आत काय झालं ते बाया तुले तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून खरं ते मी लिहून ठेवते.

बाया समोर आल्या, नाव सांगतलं, मागं जाऊन मारलं. पहिल्या दोघी लाजल्या, मंग साऱ्यांले मजा आली. बापूरावची बायको तं दोनदा आली, मी तिले रांगेतून काढलं. मी हलली नाई. रेवाच्या कानात तीनदा नाव सांगतलं. तिच्या कानाले दुधाचा वास येत होता.

शेवटी तुझ्या सासू सुमित्राबाई राहिल्या. समोर आल्या, नाव सांगतलं, मागं गेल्या आणि हातच उचलंना. म्हणाल्या, मले तुमचा भेव वाटते. मी म्हटलं, भेव वाटते तं वाटू द्या, पण मारा, नात तुमची आहे. मंग असा धपाटा घातला का माझा श्वास बाहेर आला! मी म्हटलं, आता लागलं नाव. साऱ्या हसल्या, त्याही हसल्या.

पण त्या हसण्यानं रेवा दचकली आणि रडायले लागली. साऱ्या पांगल्यावर तुझी सासू माझ्यापाशी आली. माझ्याकडं पाहिलं नाई, पाळण्याकडं पाहून बारीक आवाजात विचारलं का ही दचकते, ही तुमच्यासारखी तं नाई ना होणार? तेव्हा मले समजलं का चष्म्याची गोष्ट वरवरची होती. एवढे दिवस त्या बाईच्या पोटात हे होतं.

मले राग आला नाई असं नाई. आला. पण मी सांगतलं का सव्वा महिन्याचं लेकरू आहे, सारीच दचकतात. झाली नाई तं चांगलंच. आणि झाली माझ्यासारखी, तं तेही चांगलंच. मले समजून घ्यायले सत्तेचाळीस वर्षं लागली, हिले सत्तेचाळीस दिवस नाई लागणार, कारण हिच्या घरात एक ओळखणारी आहे. तुम्ही कपाळाले हात लावून बसू नका, मले बोलावजा. मी एस.टी.नं येईन.

त्यांनी पाळण्याच्या दोरीले हात घातला आणि हळूहळू हलवत राह्यल्या.

मी जेवली नाई म्हणून दिपालीनं डबा दिलता, तो घरी आम्ही दोघांनी खाल्ला. भाजीत मीठ जास्त होतं, सांगजो. लेकराले आशीर्वाद, आणि लोभ वाढत जाऊ दे, मी आहे तशीवर.

रेवाची आत्या,
ताना