तो एकटाच आला होता

सबाह अल-सालेम, कुवेत
१८ एप्रिल २००४

तुझ्या लग्नाची पत्रिका मला शेजारच्या बिल्कीसने दाखवली. घरातल्या म्हातारीच्या आधी समोरच्या दाराला! तुझ्या आईला विचारलं तर म्हणते, "तुम्हाला चष्म्याशिवाय दिसत नाही ना, म्हणून राहिलं." बिल्कीस रत्नागिरीची, ती हसून मोकळी. "आजी, नातवाचा लगीन नि तुम्हालाच आवतण नाय?"

असो. चि. आलोक यास आजीचा आशीर्वाद. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझा बाप रिफायनरीतून येतो, जेवतो, बातम्यांपुढे घोरतो. आई पुण्याला न्यायच्या बॅगा भरते, काट्यावर चढवते, उतरवते, पुन्हा भरते. तू तिकडे नव्या फ्लॅटला पडदे लावतोयस असं कळलं. रंग शलाकाने निवडला म्हणे. चांगला असेल.

हे पत्र बिल्कीसच्या नवऱ्याच्या, बदरुद्दीनच्या हातून पाठवते आहे. घरात कोणाला माहीत नाही. चौथी पास बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच.

आज सकाळपासून तोझ सुटलाय, तेच ते इथलं धुळीचं वादळ. खिडकीच्या फटींना ओले पंचे लावले तरी दाताखाली वाळू येतेच. अशा दिवशी दुपार आहे की संध्याकाळ ते कळत नाही, सगळं हळदीच्या पाण्यात बुडाल्यासारखं. एसी घुमत राहतो. मी जागी आहे की झोपलेय ते माझं मलाच समजत नाही. मग मला रस्त्यावरून एक पांढरा सदरा चालत येताना दिसतो. पुष्कळदा आत माणूस नसतो. नुसता सदरा, कडक इस्त्रीचा, त्यावर काळा टाय. धूळ त्याला लागत नाही.

आजीला भ्रम झाला म्हणशील. भ्रम नाही. गेल्या जूनमध्ये असल्याच दुपारी आपली बेल वाजली होती.

अमेरिकेतून शिकून आलास त्या हिवाळ्यात मेथी निवडता निवडता मला सांगत बसला होतास, आठवतं? ॲरिझोनात तुझ्या दारी सायकलवरून दोन पोरं यायची, आपला धर्म सांगायला. मॉर्मन पंथाची. पांढरे सदरे, छातीवर नावाची काळी पट्टी. एकवीस वर्षांचा घोडा आणि नावापुढे एल्डर, म्हणजे वडीलधारा! मी हसले. तू हसला नाहीस. म्हणालास, "आजी, सहा मंगळवार ते देव सांगत होते आणि मी ऐकत होतो. मला देवाचं काही नव्हतं गं. तो ब्राइस सोफ्यावर बसायचा, उन्हाने मान लाल झालेली, पुस्तकात बोट ठेवून माझ्याकडे बघायचा. तेवढ्यासाठी मी अख्खं पुस्तक ऐकलं." प्रार्थनेला डोळे मिटायचे, तेव्हा तुम्ही दोघे मिटत नव्हतात. दुसऱ्या पोराला ते कधी कळलं नाही, कारण तो खरंच मिटायचा. त्यांचा नियम कडक, एकट्याने पाऊल टाकायचं नाही, जोडीदार सतत नजरेसमोर हवा. म्हणून तुम्ही दोघे एकटे असे कधी बसलातच नाही. सातव्या मंगळवारी ब्राइसची बदली झाली आणि दारात वेगळीच दोन पोरं उभी राहिली.

मी तेव्हा काय म्हटलं? "नीट निवड, काड्या राहतायत."

समजलं नव्हतं असं नाही.

पुढे त्याची पत्रं यायची, वर्षभर. मग थांबली. तू वाळत चाललास. पत्रं थांबली ती माणूस इकडे यायला निघाला म्हणून, हे मला त्या जूनमध्ये कळलं. इथल्या अमेरिकन छावणीत त्याने नोकरी धरली होती. दार उघडलं तर तोच, तू सांगितलास तसा, पांढऱ्या सदऱ्यात. छातीवर पट्टी नव्हती, देवाचं काम संपलेलं. पापण्यांवर धूळ, त्या पिवळ्या उजेडात जणू कोणी रंगवून ठेवलाय. मला म्हणाला, "आजी?" हा शब्द त्याला कोणी शिकवला ते विचारायला नको. मी त्याच्या मागे बघितलं. जिन्यात डोकावले. दुसरा कोणी नव्हता. तो एकटाच आला होता. तेव्हाच मी ओळखलं, हा देवासाठी आलेला नाही.

मी त्याला पाणी दिलं. एवढंच लिहून थांबणार होते.

त्याने तुझं नाव घेतलं. तू तेव्हा इथेच नोकरीला, ऑफिसात होतास, तीन तासांत आला असतास. मी बोटात अंगठी चढवल्याची खूण केली आणि म्हटलं, "आलोक मॅरेज. फिनिश." मला येणारं सगळं इंग्रजी तेवढ्यात संपलं.

तेव्हा तुझ्या लग्नाचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं.

त्याने वाद घातला नाही. दोन वर्षं लोकांनी तोंडावर दारं लावलेला पोर तो. हसला. पेला दोन्ही हातांनी परत दिला, नंबर लिहिलेली एक चिठ्ठी दिली, थँक्यू म्हणाला. जिना उतरला आणि रस्त्यावर चार पावलांत धुळीत विरून गेला. संध्याकाळी तू आलास आणि रोजच्यासारखं विचारलंस, "कोणी आलं होतं का गं?" मी म्हटलं, "असल्या धुळीत कोण येतंय?"

दिवाळीला तू लग्नाला हो म्हणालास.

मी रडायला बसलेली नाही. घर वाचवलं असं वाटलं होतं तेव्हा. पण पत्रिकेवर शलाकाचं नाव वाचलं आणि हा कागद पुढे ओढला. त्या पोरीने कोणाचं काय बिघडवलंय? तुझे आजोबा माझ्याशी एकोणचाळीस वर्षं नीट वागले. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, आणि एकदाही माझ्याकडे धड बघितलं नाही. शेजारच्या खाटेवर माणूस असून खोली रिकामी कशी वाटते, ते मला विचार. ते तिच्या वाट्याला देऊ नकोस.

चिठ्ठी सोबत आहे. नंबर चालू आहे का बंद, मला ठाऊक नाही. फोन करायचा की नाही ते तुझं तू ठरव, त्यात मी एकदा पडले तेवढं पुरे. पण शलाकाला सगळं सांगायचं, माझ्या त्या अंगठीच्या खुणेसकट. लग्नाला तीन आठवडे आहेत, पुष्कळ झाले. तुझ्या आईबापाला मी तोंड देते.

अजून म्हणणार असलास तर तुझीच,
आजी

उत्तर तू लिहू नकोस. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तर मी ते फोडणार नाही. शलाकाने लिहायचं, तिच्या हाताने.